पायरी दिसते, पण किती खाली आहे ते कळत नाही : अल्पदृष्टी, दोन डोळे आणि खोलीची जाण

पांदणवाट (धागाकर्ता, यवतमाळ जिल्हा)

नेत्रतपासणी झाली की कागदावर ६/२४ किंवा ६/६० (निरोगी डोळ्याला २४ किंवा ६० मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) असा आकडा लिहून मिळतो आणि माणसाला किती दिसते हे घरातले सगळे त्या आकड्यावरून ठरवतात. भिंतीवरच्या तक्त्यातली कोणत्या आकाराची अक्षरे ओळखता आली, एवढेच तो आकडा सांगतो. समोरची पायरी किती खाली आहे, बैलाचे शिंग आपल्यापासून किती लांब आहे, कपातला चहा काठापर्यंत आला की नाही, याबद्दल त्यात एक शब्द नसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली अल्पदृष्टीची व्याख्यासुद्धा दोनच गोष्टी मोजते. चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असावी, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळा न हलवता दिसणारा पसारा, ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असावे. खोलीची जाण दोन्हींत कुठेच येत नाही.

मी एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत काचबिंदू (डोळ्याची नस हळूहळू खराब करणारा आजार) आहे. चष्मा लावून उजव्या डोळ्याने ६/२४ आणि डाव्याने ६/६० इतके दिसते. ती वर्तमानपत्राचे मथळे वाचते, अंगणात आलेला माणूस चालीवरून ओळखते, आणि तरीही ओट्याच्या शेवटच्या पायरीवर तिचा पाय चुकतो. "मले पायरी दिसते, पन किती खाली हाय थे कयत नाई," असे ती सांगते. नातेवाइकांना हे पटत नाही. वाचता येते त्याला पायरी कळलीच पाहिजे, असा त्यांचा समज आहे आणि त्यामुळे प्रत्येक वेळी दोष तिच्या लक्ष नसण्याला दिला जातो. हा अन्याय आहे असे मला वाटते, आणि म्हणूनच हा धागा काढला आहे.

दोन डोळे असूनही असे का होते, ते मोजता येते का, आणि खेड्यात राहून त्यावर काय करता येते, हे तीन प्रश्न आहेत. ज्यांचे हे काम आहे आणि जे स्वतः अल्पदृष्टीने जगत आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे. डोळ्यात काहीतरी पिळण्याचे घरगुती उपाय कृपया इथे देऊ नयेत.

---

भिंगघर (ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा; वर्धा जिल्हा)

सर, आपल्या आईंनी जे सांगितले ते अगदी नेमके आहे. पायरी 'आहे' हे कळणे आणि ती 'किती खाली आहे' हे कळणे ही मेंदूची दोन निरनिराळी कामे आहेत आणि एक शाबूत असताना दुसरे बिघडू शकते.

प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६ ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू किंचित निराळ्या बाजूने दिसते आणि त्या बारीक फरकावरून मेंदू अंतराची जाण तयार करतो. या क्षमतेला स्टिरिओप्सिस म्हणतात. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. आरशांच्या साध्या उपकरणातून त्याने दोन डोळ्यांना दोन सपाट चित्रे दाखवली आणि पाहणाऱ्याला त्यांतून एकच भरीव आकृती दिसली.

ही क्षमता कोनाच्या सेकंदांत मोजतात. एका अंशाचे ३६०० सेकंद होतात. निरोगी डोळ्यांचा माणूस साधारण ४० सेकंदांचा फरक ओळखतो. आता हा आकडा पायरीवर आणू. उभ्या माणसाचे डोळे आणि पायरी यांत दीड मीटर अंतर धरले, तर ४० सेकंदांची जाण असणाऱ्याला सुमारे ७ मिलिमीटरची उंच-खोल कळते. हीच जाण ४०० सेकंदांवर घसरली, तर त्याच अंतरावर सुमारे ७ सेंटीमीटरपेक्षा कमी फरक त्याला कळणारच नाही. घरातली पायरी साधारण १५ सेंटीमीटरची असते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पायरीची चूक बसली. अंतर वाढले की हे आणखी झपाट्याने बिघडते, कारण अंतर दुप्पट झाले तर चूक चौपट होते. वीस मीटरवर तर निरोगी माणसालाही या मार्गाने मीटरभराच्या आतला फरक कळत नाही. दोन डोळ्यांच्या जाणिवेचा खरा उपयोग हाताच्या आणि पावलाच्या टप्प्यातच आहे, आणि घरातली बहुतेक कामे नेमकी त्याच टप्प्यात असतात.

अल्पदृष्टीत ही जाण का जाते? दोन प्रतिमा जुळवायच्या तर दोन्ही पुरेशा स्पष्ट हव्यात, हे उघड कारण झाले. त्याहून महत्त्वाचे आणि कमी सांगितले जाणारे कारण म्हणजे दोन डोळ्यांतली तफावत. दोन्ही डोळे सारखेच अंधुक असले तर जाण जितकी कमी होते, त्यापेक्षा एक बरा आणि एक फार अंधुक असेल तर ती अधिक बिघडते. आपल्या आईंच्या बाबतीत ६/२४ आणि ६/६० अशी तफावत आहेच. ज्यांच्या मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला, इजा झालेली असते, ते लोक कडेच्या भागाने पाहायला शिकतात. पण दोन डोळ्यांनी निवडलेल्या त्या कडेच्या जागा एकमेकींशी जुळतीलच असे नाही, आणि जुळल्या नाहीत तर मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. काचबिंदूत आणखी एक गोष्ट घडते. दृष्टिक्षेत्राचा खालचा भाग गेला असेल तर सरळ पाहताना स्वतःची पावलेच दिसत नाहीत. आईंच्या फील्ड टेस्टचा, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, कागद काढून खालचा अर्धा भाग किती काळा आहे ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

मोजण्याविषयी. दवाखान्यात पोलरॉइड चष्मा लावून एका मोठ्या माशीचे चित्र दाखवतात आणि तिचा पंख चिमटीत धरायला सांगतात. ज्याला खोली दिसते, त्याची बोटे कागदाला न टेकता वर हवेतच मिटतात. ज्याला दिसत नाही, तो सरळ कागदावर बोट ठेवतो. ही माशी सुमारे ३००० सेकंदांची आहे, म्हणजे अगदी ढोबळ जाण तपासते. त्याच चाचणीतली वर्तुळे ८०० पासून ४० सेकंदांपर्यंत बारीक होत जातात. ही चाचणी आपणहून होईलच असे नाही, ती मागावी लागते.

घरी करायची एक चाचणी सांगतो. आपण एक पेन उभे, टोक वर करून, आईंच्या समोर हाताच्या अंतरावर धरा. दुसरे पेन त्यांच्या हातात उभेच द्या आणि वरून खाली आणत त्याचे टोक आपल्या पेनाच्या टोकावर टेकवायला सांगा. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून काही वेळा आणि मग एक डोळा झाकून काही वेळा करून पाहा. दोन्ही डोळ्यांनी टोक नीट बसते आणि एकाने मागे-पुढे चुकते, तर ढोबळ स्टिरिओप्सिस शिल्लक आहे. दोन्ही वेळा सारखेच चुकत असेल, तर खोलीसाठी आई दोन डोळ्यांच्या जुळणीवर विसंबून नाहीत.

---

काळीमाती (अकोला जिल्हा)

वरचा प्रतिसाद वाचून कोणाचा असा समज होऊ नये की दोन डोळ्यांची जुळणी नसेल तर खोली कळतच नाही. पऱ्हाटी उपटताना माझ्या डाव्या डोळ्याला इजा झाली आणि बुबुळावर फूल पडले. त्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. सुरुवातीचे काही महिने फार वाईट गेले. लोट्यातले पाणी पेल्याच्या बाहेर पडायचे, खिळ्यावर हातोडी बसायची नाही, कोणी हात पुढे केला तर माझा हात अलीकडेच थांबायचा. आज मी फवारणी सोडून शेतीची सगळी कामे करतो, सरीतून सरळ चालतो आणि विहिरीच्या काठावरून बादलीही ओढतो.

मला उपयोगी पडले ते मान हलवणे. धुऱ्यावरून खाली उतरायचे असेल तर मी क्षणभर थांबतो आणि डोके वीतभर डावीकडे-उजवीकडे नेतो. जवळची कड जास्त सरकताना दिसते, लांबची कमी सरकते, आणि दोघींमधले अंतर लगेच समजते. कोंबडी चालताना मान पुढे-मागे करते ना, तसेच हे. पहिल्यांदा मुद्दाम करावे लागते, नंतर अंगवळणी पडते आणि पाहणाऱ्यालाही कळत नाही.

मन्सूर अली खान पतौडी यांचे उदाहरण मला माझ्या मोठ्या भावाने सांगितले होते. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते पहिली कसोटी खेळले, १९६२ मध्ये २१ व्या वर्षी भारताचे कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३ धावा काढल्या. वेगवान चेंडूचे अंतर एका डोळ्याने ओळखता येत असेल, तर ओट्याची पायरी का ओळखता येऊ नये?

एक विनंती सर्वांना आहे. ज्याचा एकच डोळा उरला आहे, त्याने कापूस वेचताना आणि पऱ्हाटी काढताना साधा, पॉलिकार्बोनेटचा, बाजूने झाकलेला चष्मा लावलाच पाहिजे. वाळलेली काडी डोळ्याच्या रोखाने समोरून आली तर तिचे फक्त टोक दिसते, लांबी दिसत नाही, आणि ती किती जवळ आली हे एका डोळ्याला फार उशिरा कळते.

---

भिंगघर

काळीमाती भाऊ, मान हलवण्याची जी रीत आपण लिहिली आहे तीच आम्ही शिकवतो, आणि ती इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच वाचायला मिळते. पतौडींचे उदाहरण मात्र या धाग्यातल्या मूळ प्रश्नाला लावताना मला थांबावेसे वाटते, कारण इथेच अल्पदृष्टीचा खरा पेच आहे.

एका डोळ्यालाही खोलीच्या कितीतरी खुणा मिळत असतात. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, ओळखीची वस्तू लांब गेली की लहान दिसते, सरीच्या समांतर रेषा पुढे जवळ येत जातात, जवळची ढेकळे सुटी दिसतात आणि लांबची एकजीव होतात, उजेड एका बाजूने पडला की उंचवट्याला सावली पडते, आणि डोके हलवले की जवळचे जास्त सरकते. पतौडींचा दुसरा डोळा चांगला होता आणि आपलाही आहे, म्हणून या सगळ्या खुणा आपल्याला पूर्ण ताकदीने मिळतात. मेंदूला फक्त एक साधन सोडून बाकीच्यांवर भर द्यायला शिकावे लागले, आणि तो शिकला.

अल्पदृष्टी असलेल्या माणसाचे तसे नाही. त्याची दोन डोळ्यांची जुळणी बिघडलेली असतेच, आणि तिच्या जागी ज्या खुणांचा आधार घ्यायचा त्याही फिक्या पडलेल्या असतात. पायरीच्या कडेवर रंगाचा किंवा उजेडाचा भेद पुरेसा नसेल तर कडच दिसत नाही, आणि कडच दिसली नाही तर डोके कितीही हलवले तरी सरकणार काय? ढेकळांचा पोत दिसत नाही, सावली आणि खड्डा सारखेच दिसतात. त्यामुळे एक डोळा गमावलेल्या माणसाला जो सल्ला पुरतो, तो दोन्ही डोळे अधू असलेल्याला अपुरा पडतो. त्याच्यासाठी आधी खुणा ठळक कराव्या लागतात आणि मग मान हलवायला शिकवावी लागते. हा क्रम उलटा झाला तर शिकवणे वाया जाते, आणि दुर्दैवाने बहुतेक घरांत तो उलटाच असतो. माणसालाच 'जपून चाल' असे सांगत राहतात आणि पायरीला कोणी हात लावत नाही.

---

चुलांगण (चंद्रपूर जिल्हा)

पायरीला हात लावण्याबद्दल मी लिहू शकते, कारण माझ्या सासूबाईंना मधुमेहामुळे फार कमी दिसते आणि आमचे घर जुने, मातीचे आहे. शेणाने सारवलेला ओटा, पायऱ्या आणि अंगण या तिन्हींचा रंग एकच असतो. चांगल्या डोळ्यांच्या पाहुण्यालाही तिन्हीसांजेला तिथे अडखळायला होते. सारवण झाल्यावर कडेने पांढरी पट्टी ओढायची रीत आपल्याकडे आहेच. आम्ही ती शोभेची पट्टी भिंतीकडून काढून पायरीच्या कडेवर आणली. पट्टी दोन-तीन बोटे रुंद, पायरीच्या वरच्या बाजूला अगदी काठापर्यंत आणि तिथून वळून उभ्या बाजूवर थोडी खाली, अशी ओढायची. काठापासून चार बोटे आत ओढली तर पाय पट्टीच्या पुढे पडतो आणि घात होतो, म्हणून जागा महत्त्वाची आहे. प्रत्येक सारवणाबरोबर ती नव्याने ओढावी लागते, पावसाळ्यात जास्त वेळा. फरशीच्या पायऱ्या असतील तर पिवळा ऑइल पेंट टिकतो.

दोन गोष्टींची काळजी घ्या. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, त्यामुळे कमी दिसणाऱ्या माणसाने चुना कालवू नये आणि आम्ही तर पांढरी मातीच वापरतो. दुसरे म्हणजे, जिथे पायरी नाही तिथे पट्टी ओढू नये. आमच्या माजघरात काळ्या किनारीची सतरंजी होती. सासूबाई त्या किनारीपाशी प्रत्येक वेळी पाऊल उचलून टाकायच्या, कारण त्यांना तिथे पायरी आहे असे वाटायचे. सतरंजी उचलली आणि तो त्रास संपला.

उजेडाचेही तसेच आहे. दिवा दारावर, माणसाच्या पाठीमागे असेल तर उतरताना स्वतःचीच सावली पायऱ्यांवर पडते. आम्ही बल्ब बाजूच्या भिंतीवर खाली लावला. बाजूने उजेड आल्याने प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते आणि किती खोल आहे ते कळते. कडुनिंबाची सावली मात्र दुपारी अंगणात खड्ड्यासारखी दिसते, त्यावर काही उपाय आम्हाला सापडलेला नाही.

चहासाठी पांढरा कप ठेवावा, दूध आणि ताक गडद रंगाच्या पेल्यात द्यावे. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओतावे, म्हणजे अंतराचा अंदाज करायचे कामच उरत नाही.

---

संत्राबाग (वरूड परिसर, अमरावती जिल्हा)

मी जन्मतः अल्बिनिझम (त्वचा, केस आणि डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी असणे) असलेला, सत्तावीस वर्षांचा आहे. माझे डोळे सतत हलतात आणि नजर ६/६० आहे. अल्बिनिझममध्ये दोन्ही डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाटणीच निराळी असते. इतरांमध्ये साधारण निम्मे तंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, आमच्यात त्याहून बरेच जास्त जातात. त्यामुळे दोन डोळ्यांची माहिती एका जागी भेटत नाही आणि स्टिरिओप्सिस फार कमी किंवा अजिबात नसतो. मला तो कधीच नव्हता, म्हणून हरवल्याचे दुःखही नाही; पण जन्मापासून नसणाऱ्याने आणि साठाव्या वर्षी गमावणाऱ्याने वेगवेगळ्या गोष्टी शिकायच्या असतात, हे इथे नोंदवावेसे वाटते. मला खोली ओळखायला पहिल्यापासून सावल्यांवर आणि हालचालीवर शिकावे लागले. वय झाल्यावर ज्यांची जाण जाते, त्यांचा मेंदू जुन्या सवयीने चुकीचे अंतर ठामपणे सांगत राहतो, आणि त्यामुळे ते जास्त पडतात असे मला आजूबाजूला दिसते.

एसटीच्या पाटीसाठी माझ्याकडे चारपट मोठे दाखवणारी छोटी दुर्बीण आहे. तिच्यातून पाहिले की ४० फुटांवरची बस १० फुटांवर आल्यासारखी दिसते आणि पुढचे-मागचे सगळे एकमेकांना चिकटते. म्हणून ती उभे राहून, पाठ टेकूनच वापरायची आणि पाऊल उचलण्याआधी खाली घ्यायची. बसमध्ये चढताना मी डोळ्यांना विचारतच नाही. आधी दांडा हातात घेतो, दांड्यावरून हाताला उंची कळते, आणि मग पाय टाकतो.

वैशाखातल्या उन्हात माझ्यासाठी पांढऱ्या फुफाट्याची पांदण एकसारखी सपाट होते. टोपीची पुढची झापड आणि पिवळसर-तपकिरी काचा यांनी चाकोरीच्या कडा पुन्हा दिसू लागतात. काळ्या काचांनी उजेड कमी होतो, पण कडाही जातात, म्हणून काचा लावून पाहूनच घ्याव्यात.

आता पांढऱ्या काठीविषयी स्पष्ट लिहितो. आपल्याकडे काठी म्हणजे पूर्ण अंधत्व असे धरले जाते आणि थोडे दिसणाऱ्याने ती घेतली तर लोक त्याला ढोंगी म्हणतात. पण काठीचे टोक पायरीवरून खाली गेले की किती खाली गेले हे मनगटाला कळते. जो प्रश्न आमचे डोळे सोडवू शकत नाहीत, नेमके त्याचेच उत्तर ती देते. पांदणवाट सरांच्या आईंनी ती घ्यावी असे मला मनापासून वाटते.

---

धुरा (बुलढाणा जिल्हा)

माझ्या वडिलांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन शिबिरात झाले आणि त्या डोळ्याने आता ६/९ दिसते. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आहे. ते म्हणतात, "एका डोयानं चालते न काम, दुसऱ्याले काऊन हात लावायचा?" हंगाम चालू असल्याने घरातही कोणी आग्रह धरत नाही. मात्र रस्ता ओलांडताना मोटारसायकल किती जवळ आली हे त्यांना कळत नाही अशी तक्रार ते स्वतःच करतात. वरचे वाचून प्रश्न पडला की हे त्या राहिलेल्या डोळ्यामुळे होत असेल का?

---

भिंगघर

होऊ शकते. दोन डोळ्यांतली तफावत जाण कशी बिघडवते हे वर लिहिले आहे. आपल्या वडिलांकडे ती ठळकपणे आहे. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर स्टिरिओप्सिस सुधारतो हे चांगले प्रस्थापित झालेले आहे, आणि 'एका डोळ्याने वाचता येते' हे दुसरा डोळा सोडून देण्याचे कारण होऊ शकत नाही. तक्त्यावर त्यांचे उत्तर चांगले येते म्हणूनच त्यांची अडचण कोणाला दिसत नाही.

हलणाऱ्या वाहनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ज्या डोळ्यात उजेड कमी पोहोचतो, त्याची माहिती मेंदूला किंचित उशिरा मिळते. त्या क्षणभराच्या फरकामुळे आडवी जाणारी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा लांब भासते. कार्ल पुल्फ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण मांडले. तो स्वतः एका डोळ्याने अंध असल्याने त्याला हा परिणाम कधी पाहता आला नाही. ज्यांचे दोन्ही डोळे चांगले आहेत, त्यांनी घरी करून पाहावे. दोऱ्याला एक नट बांधून कोणाला तरी तो समोर, एका सरळ रेषेत डावी-उजवीकडे झुलवायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकाच डोळ्यापुढे गॉगलची काळी काच धरा. सरळ झुलणारा नट गोल फिरत जवळ येतो आणि लांब जातो असे दिसेल. एका डोळ्यातला मोतीबिंदू अशीच काच ठरू शकतो. धुरा भाऊ, हा प्रयोग घरातल्या त्या मंडळींना करून दाखवा जी हंगामाचे कारण सांगत आहेत.

तारीख मिळेपर्यंत वडिलांनी रस्ता ओलांडताना अंतरावर विसंबू नये. दोन्ही बाजूंनी वाहन दिसत नाही आणि आवाजही नाही, तेव्हाच पाऊल टाकावे.

---

पांदणवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पेनाची चाचणी आईबरोबर केली. दोन्ही डोळ्यांनी आणि एका डोळ्याने तिचे पेन सारखेच चुकले. बहुतेक वेळा ते माझ्या पेनाच्या अलीकडे, तिच्या बाजूला उतरले. हे पाहून माझ्या मोठ्या काकांनी स्वतः पेन हातात घेतले आणि एक डोळा झाकून करून पाहिले. त्यानंतर तिच्या लक्ष नसण्याचा विषय घरात निघालेला नाही. फील्ड टेस्टच्या कागदावर उजव्या डोळ्याचा खालचा भाग बराचसा काळा आहे, आणि पट्टी ओढण्याचे काम चुलांगण ताईंनी लिहिल्याप्रमाणे झाले आहे. काठीला तिचा अजून होकार नाही.

शाळेचाही एक प्रश्न आहे. दुसरीतल्या एका मुलाचा डोळा तिरळा आहे. त्याला भिंतीवरचा तक्ता दोन्ही डोळ्यांनी वाचता येतो, पण फेकलेला चेंडू त्याला झेलता येत नाही. घरचे लोक तिरळा डोळा भाग्याचा मानतात. शिवाय एका परिचितांनी, डोळ्यांच्या व्यायामांनी मोठेपणीही खोलीची जाण परत येते आणि अमेरिकेतल्या एका बाईंना ती आली, असे सांगितले. यात कितपत तथ्य आहे?

---

भिंगघर

मुलाला वाट पाहायला लावू नका. तक्ता दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचला असेल तर तो फक्त चांगल्या डोळ्यानेही वाचलेला असू शकतो. प्रत्येक डोळा वेगळा झाकून तपासला पाहिजे. तिरळ्या डोळ्यातून दोन प्रतिमा येऊ नयेत म्हणून लहान मुलाचा मेंदू त्या डोळ्याची माहिती दाबून टाकतो आणि पुढे तो डोळा आळशी होतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपचार सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो, त्यानंतरही बारा-तेरा वर्षांपर्यंत काही मुलांना फायदा होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा या मुलाचे नाव पुढे करा, आणि पथक येण्यास वेळ असेल तर थेट जिल्हा रुग्णालयात पाठवा. पट्टी लावलेल्या तासांत मूल अधू डोळ्यावर असते, तेव्हा विहीर, जिना आणि सायकल यांपासून त्याला दूर ठेवावे लागते, हे घरच्यांना आधीच सांगा.

त्या अमेरिकन बाई म्हणजे सुझन बॅरी असाव्यात. त्या मेंदूशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. लहानपणापासून तिरळेपणा होता, शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि वयाच्या ४८ व्या वर्षी दृष्टीच्या व्यायामांनंतर त्यांना पहिल्यांदा खोली दिसू लागली. ही घटना खरी आहे आणि मेंदू मोठेपणीही शिकतो हे तिने दाखवले. परंतु त्यांचे दोन्ही डोळे वेगवेगळे पाहिले तर चांगले होते. अडचण जुळणीत होती. काचबिंदूने मेलेले तंतू किंवा मधुमेहाने खराब झालेले दृष्टिपटल व्यायामाने परत येत नाही. या नावाखाली अल्पदृष्टीच्या माणसाकडून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत. तो पैसा बल्ब, रंग आणि चष्म्यावर खर्च करावा.

चष्म्यावरून आठवले. आईंचा चष्मा दोन भिंगांचा आहे का?

---

पांदणवाट

होय, बायफोकल आहे. दिवसभर तोच असतो.

---

भिंगघर

मग तो बदला. बायफोकलचा खालचा भाग हातातले वाचण्यासाठी, साधारण ४० सेंटीमीटरसाठी केलेला असतो. उतरताना आपण त्याच भागातून दीड मीटरवरची पायरी पाहतो. ती अंधुक होते आणि भिंगाच्या रेषेपाशी तिची जागाही उडी मारते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करा. वाचण्यासाठी वेगळा, जास्त नंबरचा करता येईल. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर साधारण सारखी असते, त्यांना अशा चष्म्यात प्रिझम (प्रकाश वळवणारी, एका बाजूला जाड काच) घालून दोन्ही डोळ्यांनी वाचता येते. +८ नंबरला प्रत्येक डोळ्यात १० इतका प्रिझम, नाकाच्या बाजूला जाड, असा हिशेब असतो. आईंच्या डोळ्यांत तफावत असल्याने त्यांना उजव्या डोळ्यापुरताच वाचनाचा नंबर बरा पडेल, आणि +१२ च्या वर गेले तर कोणालाही एकाच डोळ्याने, साधारण ८ सेंटीमीटरवर धरून वाचावे लागते.

---

चुलांगण

दोन चष्मे झाले की म्हाताऱ्या माणसांची अदलाबदल होते आणि वाचण्याचा चष्मा लावून पायऱ्या उतरल्या जातात. आमच्याकडे चालण्याच्या चष्म्याला जाड लाल दोरी लावून तो कायम गळ्यात ठेवला आहे. वाचण्याचा चष्मा पोथीच्या बासनातच बांधून ठेवतो, म्हणजे तो घालून उठायची वेळच येत नाही.

---

संत्राबाग

सर, काठीसाठी आईंना आग्रह करण्याऐवजी त्यांना ती घरातल्या घरात, पट्टी ओढलेल्या त्याच पायऱ्यांवर वापरून पाहू द्या. कोणी पाहत नसताना हाताला सवय झाली की बाहेर नेण्याचा निर्णय त्यांनाच घेता येईल. टोक पुढच्या पायरीवर टेकले, खाली गेले, थांबले, मग पाय, एवढाच क्रम सुरुवातीला पुरे. काठीची उंची उभ्या माणसाच्या छातीच्या मधल्या हाडापर्यंत असावी. आधाराच्या आखूड काठीने पुढच्या पायरीचा अंदाज येत नाही.